ओठ न पाहता

आमच्या आळीत अंधारात कोणी बोलत नसे. काही सांगायचे असले की आई आधी कंदिलाची वात वर करायची, कंदील दोघांच्या मध्ये ठेवायची आणि मग बोलायची. शेजारच्या घरांतही तसेच. सगळ्या जगात असेच असते असे मला वाटायचे.

हिंगणघाटची ती आळी विणकरांची. घरोघरचे पुरुष कापडाच्या गिरणीत, मागखात्यात. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालतात तेव्हा काय होते, हे तिथे उभे न राहिलेल्या माणसाला सांगता येत नाही. तो आवाज दातांत शिरतो, बरगड्यांत शिरतो. त्यात माणसाचा आवाज टिकत नाही. म्हणून मागखात्यातली माणसे आवाज न काढताच बोलतात. तोंड मोठे उघडायचे, ओठ सावकाश हलवायचे, उरलेले भुवयांनी आणि बोटांनी सांगायचे. पलीकडच्या रांगेतला माणूस जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पाठीमागे उभा राहून त्याचीच टिंगल करतो, इकडचे सगळे हसतात, आणि जॉबर आपला सूत तपासत असतो.

पाळी सुटली की हीच बोली घरी यायची, फक्त तिला मोठा आवाज जोडला जायचा. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणे ही आमच्याकडे रीत होती. नजर हटवली तर म्हातारे रागवायचे. नव्या सुनेला तोंडावर हात ठेवून हसायची सवय असली तर सासू ती आधी मोडायची. कोणाला बोलवायचे तर खांद्याला हात लावायचा, नाहीतर थाळी जमिनीवर आपटायची. हाक मारण्याची पद्धत नव्हती.

गिरणीच्या फाटकावर युनियनची सभा असली की आमचे लोक धावत जाऊन पुढची जागा धरायचे. एकदा बाहेरगावचे एक पुढारी लाउडस्पीकरवर बोलायला उभे राहिले आणि माइक नेमका त्यांच्या तोंडासमोर आला. माझे वडील उठून ओरडले, "अरे, तो डब्बा हटवा ना तोंडावरून! काई आयकूच नाई येत!"

मागे बसलेली इतर खात्यांतली माणसे पोट धरून हसली. पुढारी गोंधळले. आमची आळी मात्र गंभीर होती. वडिलांनी अगदी रास्त मागणी केली होती.

भाषण असे निम्मे वाया जायचे, म्हणून आमच्याकडे पत्रकाला किंमत. वडील टोपीच्या घडीत पत्रक घालून आणायचे. त्यांना वाचता येत नसे. मी त्यांच्यासमोर बसून, तोंड मोठे उघडून, ते वाचून दाखवायचो. महागाई भत्ता, बोनस, एकजूट हे शब्द मी शाळेच्या पुस्तकातल्या शब्दांआधी शिकलो. त्या पत्रकांवर माझा आजही विश्वास आहे. पण त्यांतल्या एकाही पत्रकात कानाचा उल्लेख नव्हता. मालक आमचे हात मजुरी देऊन घ्यायचा आणि कान फुकट घेऊन जायचा. ही उघड चोरी होती, आणि ती कधी कोणत्या मागणीत आली नाही. येणार कशी? ज्याचे गेले त्याला तरी ते गेल्याचे ठाऊक होते काय?

मॅट्रिक होईपर्यंत आणि झाल्यावरही मी मागखात्यात बदली कामगार म्हणून उभा राहिलो. मग जनपदाच्या, म्हणजे तालुका सभेच्या, शाळेत मास्तर होण्यासाठी अर्ज केला. वाचता येणाऱ्या माणसाला फसवणे कठीण जाते, तेव्हा खेड्यात जाऊन वाचायला शिकवण्याइतके मोठे काम दुसरे नाही, असे माझे ठाम मत होते. निवड झाली. प्रकृतीचा दाखला हवा होता, म्हणून हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर वयस्क होते, दाढीमिशा साफ केलेले. त्यांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, मग समोर उभे राहून अगदी हळू आवाजात गावांची नावे म्हणायला सुरुवात केली. पुलगाव. आर्वी. देवळी. मी एकेक नाव परत म्हटले. त्यांनी एक कान बोटाने दाबून धरायला सांगितला, मग दुसरा. मी दोन्ही वेळा सगळी गावे बरोबर सांगितली. एक झणझणणारा चिमटा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला. तो जाणवला, मी मान हलवली.

मी त्यांना फसवत नव्हतो. लहानपणापासून मी ज्याला ऐकणे म्हणत आलो, तेच मी त्यांच्यासमोर केले.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही मागखात्यातले. हे कान एकदा तपासून भागत नाही. वर्षभरानं पुन्हा या."

"बरं."

"आणि तशी वेळ आली तर वर्षाचीही वाट पाहू नका. घरच्यांना आवाज चढवावा लागतोय, तुम्हाला एकच गोष्ट दोनदा विचारावी लागतेय, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय समजत नाही, असं दिसलं की लगेच या."

मला हसू आले. त्यांनी सांगितलेल्या खुणा म्हणजे आमच्या आळीचे जसेच्या तसे वर्णन होते. जिथे सगळेच ओरडून बोलतात, तिथे आपल्यासाठी कोणी आवाज चढवला हे कशावरून ओळखायचे? मी दाखला घेऊन बाहेर पडलो आणि त्या खुणा विसरून गेलो.

शाळा समुद्रपूरकडच्या एका लहान गावात होती. एकच खोली, एकच मास्तर. दारात उभे राहिले की गिरडची टेकडी आणि तिच्यावरचा दर्गा दिसायचा. गावात शेतकऱ्यांची घरे, आणि नाल्यापलीकडे एक वस्ती. मी गेलो त्याच वर्षी त्या वस्तीने बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिथला एक मजूर आपल्या मुलीला हाताला धरून शाळेत घेऊन आला. तिचे केस तेल लावून चापून बसवले होते.

"गुर्जी, हे माही पोट्टी," तो म्हणाला. "हिले कागद वाचता आला पायजे. बाकी मले काईच नाई मांगाचं."

मी त्याचा हात धरला. कागद वाचता आला पायजे! माझ्या सगळ्या पत्रकांचे सार या माणसाने दारात उभे राहून सांगितले होते. मी त्याला शब्द दिला.

वाचन मी रोज घ्यायचो. मूल उभे राहायचे, पुस्तक तोंडासमोर धरायचे आणि वाचायचे. ताठ उभे राहा, पुस्तक खाली लोंबू देऊ नका, हे मीच शिकवले होते. पुस्तकामागून मला आवाज यायचा. शाळेतल्या वाचनाला एक चाल असते. ती चाल अडखळली की मी मुलाला थांबवायचो. न अडखळता शेवटापर्यंत गेली की म्हणायचो, "शाब्बास, बस." शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते, आणि पोचत नाहीत हे मला कळत नव्हते. त्या मुलीची चाल फार सुरेख होती. ती कधीच अडखळत नसे. वर्षअखेरीला मी तिला पुढच्या वर्गात घातले, आणि तिच्या बापाला मुद्दाम सांगितले की तुमची मुलगी वर्गात सर्वांत चांगली वाचते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, पण मी घरी गेलो नाही. दीक्षेनंतरची पहिली वैशाखी पौर्णिमा येत होती आणि वस्तीने मला बोलावले होते. ऊन कलल्यावर मी गेलो. मंडपात निळी पताका, पुढे माझ्यासाठी एकुलती एक खुर्ची. नागपूरहून कोणीतरी आणलेले बुद्धाचे छोटे पुस्तक होते. ते आतापर्यंत बाहेरचा माणूस येऊन वाचायचा. आज वस्तीतली मुलगी वाचणार होती.

ती उभी राहिली. मी शिकवल्याप्रमाणे ताठ. पुस्तक तोंडासमोर धरले आणि सुरुवात केली. तीच सुरेख चाल.  वाटले, आपण जन्मात काही केले असेल तर हे.

ती थांबली. मी टाळ्या वाजवल्या.

मी एकटाच वाजवत होतो. बाकीच्यांचे हात मांडीवर होते. मी वळून पाहिले. मागे एक बाई शेजारणीला म्हणत होती, "गुर्जीले मोर लई आवडते वाटते!" तिचे ओठ मला स्वच्छ दिसले, पण मोर कुठून आला ते समजेना. मुलीचा बाप माझ्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

"टाळ्या काऊन वाजवल्या, गुर्जी?"

"छान वाचलं तिनं."

"छान?" तो वाकला. "तुमी आयकलं काय? तिच्या हातात बुद्धाचं पुस्तक हाय, अन् ते शाळेतला मोराचा धडा पाठ म्हनून राह्यली. मोर नाचतो, पिसारा फुलवतो! पुऱ्या वस्तीसामने! अन् तुमी टाळ्या वाजवता?"

मुलगी पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिला काय चुकले ते कळले नव्हते. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तिकडच्या शेतकऱ्यांच्या पोट्ट्यांले वाचता येते," बाप आता हळू बोलत होता, पण त्याचे तोंड माझ्यासमोर होते. "मी पाह्यलं हाय. आमच्याच पोट्टीले नाई येत. शिकवाचं नव्हतं त तोंडावर सांगाचं होतं. हो हो करून पास काऊन केलं? पास केलं का हे लोक चूप बसतीन, असंच ना?"

माझ्याजवळ दोन उत्तरे होती. एक त्याने स्वतःच ठरवून टाकले होते: मीही इतरांसारखाच, वस्तीच्या मुलांना वरवर हसून बाहेर ठेवणारा. दुसरे उत्तर, मला शब्द ऐकूच येत नाहीत हे, मला त्याच क्षणी, त्याच खुर्चीत सापडले होते, आणि ते सांगितले की नोकरी संपली. मागखात्यात परत जाणे, किंवा तेही नाही. मी काय केले? मी म्हणालो, "पाहतो." पाहतो! कचेरीतला कारकून म्हणतो तसे.

शेतकऱ्यांच्या मुलांना घरी थोरली भावंडे शिकवत होती. ती मुलगी त्यांचे वाचन ऐकून धडा पाठ म्हणत आली होती. माझ्या शाळेत कोणी काही शिकलेच नव्हते. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, तेवढाच माझ्या कानांमुळे बुडाला. आयुष्यभर ज्या अन्यायावर मी बोलत आलो, तो मी स्वतःच्या हाताने, शाब्बास म्हणत, वर्षभर चालवला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला शाळेत बोलावले. बापाने तिला पाठवले, स्वतः आला नाही. मी पुस्तक जमिनीवर ठेवले आणि तिला माझ्यासमोर बसवले, म्हणजे तोंड दिसेल. वाटले, एवढ्याने निभेल. सगळ्या वर्गाला असेच बसवू, कोणाला काही सांगायची गरज नाही.

तिने बोट ठेवून अक्षर म्हटले. मी ओठ पाहिले. प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. बोलताना त्याने अडत नाही, माणूस पुढच्या शब्दांवरून जुळवून घेतो. पण पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या मुलीच्या तोंडातून कोणते अक्षर निघाले हे मी माझ्या अंदाजाने ठरवणार, म्हणजे वाचणार मीच. ती प्रत्येक अक्षरानंतर मान वर करायची.

"गुर्जी, बराबर हाय?"

 मला माहीत नव्हते.

"बराबर हाय काय, गुर्जी?"

मी तिला घरी जायला सांगितले. ती गेल्यावर शाळेचे दार लावून घेतले आणि मुलांच्या तरटावर पडून राहिलो. ऊन उतरेपर्यंत उठलो नाही.

मग हिंगणघाटला आलो. वडील पाळीवरून येऊन ओसरीत चहा पीत बसले होते, तोंड रस्त्याकडे. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि हाक मारली. पुन्हा मारली. ते बशी फुंकत राहिले. आई चुलीपासून सगळे पाहत होती. तिने थाळी आपटली आणि मी वळलो तेव्हा म्हणाली, "मांगून काऊन बोलून राह्यला त्यायच्यासंग? सामने जा ना."

"बाबाले आयकू येत नाई काय?"

"येते ना! सामने गेलं का येते."

"अन् मले?"

ती हसली. "तुलेबी येते. पन तुले मी मांगून कधी बोलावलंच नाई."

वडिलांना मी दवाखान्याचे सांगितले तेव्हा ते खरोखर चकित झाले. "नोकरी लागल्यावर कोन जाते कान दाखवाले? तपासनी लागते आत घुसाले. तू घुसला. सायबानं कागद देला. आता चूप राह्य अन् पगार घे."

"बाबा, मले लेकरांचं वाचन आयकू येत नाई."

"मले कुठं माग आयकू येते? चालवतो ना मी?"

त्यांच्याशी वाद घालणे शक्य नव्हते. इतकी वर्षे त्यांनी एकही धागा तुटू न देता माग चालवला होता, हातांनी आणि डोळ्यांनी. मागाला आपले ऐकले जावे अशी अपेक्षा नसते. ती मुलगी मात्र मान वर करून विचारत होती.

डॉक्टर तेच होते. त्यांनी मला ओळखले. "वर्ष होत आलं नाही का? फार थोडे लोक परत येतात," ते म्हणाले आणि समोर येऊन उभे राहिले.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आज मागे उभे राहा. मला तुमचं तोंड दिसू देऊ नका."

 त्यांनी माझे स्टूल भिंतीकडे फिरवले. भिंतीवर देवीची लस टोचून घ्या असे सांगणारे चित्र होते. त्यातले मूल आईच्या मांडीवर बसून रडत होते. मी त्या मुलाकडे पाहत वाट पाहू लागलो. डॉक्टर काहीतरी शोधत असतील. कोणी पेशंट आत आला असेल. मी एक कान दाबून धरला होता, हात अवघडल्यावर तो सोडून दुसरा दाबला. चित्राचा एक कोपरा सुटला होता आणि वाऱ्याने हलत होता.

खांद्याला हात लागला. आमच्या आळीत लावतात तसा.

मी वळलो. "करा सुरू," मी म्हणालो.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही कानांचं झालं."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि स्पष्ट बोलू लागले. चूक त्यांचीही होती, मागखात्यातल्या माणसाला समोरून तपासायला नको होते, असे त्यांनीच म्हटले. गेलेले परत येत नाही. उरलेले राखता येईल, मागांपासून दूर राहिलो तर. मुंबईला कानाचे यंत्र मिळते, पण ते आपल्या भागात त्यांनी कोणाच्या कानाला पाहिलेले नाही.

मग ते म्हणाले, "तुम्हाला कोणी पाठवलेलं नाही. तुम्ही स्वतः आलात. मी आज काही लिहिलंच पाहिजे असं नाही. पुढच्या वर्षी या, तेव्हा बघू."

चांगला माणूस होता. मला वाचवायला पाहत होता. माझ्या मनातही ते आले, हे लपवत नाही. एक वर्ष. एका वर्षात किती मुले माझ्यासमोर उभी राहून चाल म्हणतील आणि मी शाब्बास म्हणून त्यांना पुढे ढकलीन?

"लिहा," मी म्हणालो.

फार मोठ्याने म्हणालो असेन. व्हरांड्यातल्या माणसांनी दारातून माना आत घातल्या.

तो कागद कचेरीत देण्याआधी मी समुद्रपूरच्या बसने गावाकडे निघालो. सडकेवर उतरून चालत नाल्यापलीकडे गेलो. मुलीचा बाप वावराच्या धुऱ्याशी, बांधाला लागून, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होता. मला पाहून त्याने काम थांबवले नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळे सांगितले. गिरणी, आळी, डॉक्टर, भिंतीवरचे चित्र.

तो पऱ्हाटी हातात धरून ऐकत होता. "म्हनजे त्या दिवशी तुमी काईच नाई आयकलं?"

"चाल ऐकली. शब्द नाही."

"अन् मी तुमाले जे बोललो?"

"ते सगळं समजलं. तुम्ही समोर होता."

त्याने मान खाली घातली. मी दिलासा देणार होतो, पण कोणत्या तोंडाने द्यायचा? बोलणी खावी लागली म्हणून मी आलोच नव्हतो. माझ्यावरचा कलंक पुसला गेला होता, आणि तिची पाटी तशीच कोरी होती.

"नवे गुर्जी कवा येतीन?" त्याने विचारले.

"माहीत नाही. माझ्याआधी बराच काळ कोणी आलं नव्हतं."

मुलगी धुऱ्याच्या टोकाला बोरीखाली बसली होती. तिने मला पाहिले आणि ती उठून ताठ उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

तिच्या बापाने पऱ्हाटी खाली टाकली, हात धोतराला पुसले. मग तो माझ्या अगदी समोर आला, उन्हाकडे तोंड करून. आमच्या आळीतला माणूस बोलतो तसा, तोंड मोठे उघडून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून तो बोलला.

"मंग तवरोक माह्या पोट्टीले वाचाले कोन शिकवन?"

एक अक्षरही माझ्याकडून निसटले नाही.